निंबा सरांनी आबाला 'द' दिला नाही

निंबा सर सोनगीरचे. धुळ्याच्या पुढं आग्रा रोडवर किल्ला दिसतो ना, त्याच्या पायथ्याचे. आमचं गाव रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत, जिकडं पाहाल तिकडं केळी. दोन्ही गावं खानदेशातलीच, पण सोनगीरचा माणूस तोंड उघडून 'काय आहे'ला 'काय शे' म्हणाला की आमच्याकडची पोरं तोंड दाबून हसायची. आणि आमचं 'काबरं', 'मले', 'तुले' ऐकलं की सरांच्याही मिशीखाली काहीतरी हलायचं. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे. राग आला किंवा फार आनंद झाला की अहिराणीवर घसरायचे. त्यामुळं सर मनापासून बोलतायत की नोकरीसाठी, हे पहिल्या बाकावरच्यालाही कळायचं.

अंगानं शेवग्याची शेंग. पांढरा पायजमा-सदरा, खांद्याला शबनम. सायकलीला मडगार्ड नव्हतं, म्हणून पावसाळ्यात सरांच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची एक रेघ उठायची. ती रेघ घेऊनच ते फळ्याकडं तोंड करून लिहीत उभे राहायचे आणि मागं वर्ग खूश.

ही गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या हिवाळ्याची. सरांची नोकरी तेव्हा कच्ची होती. आधीचे इंग्रजीचे मास्तर बदली करून जळगावला पळाले आणि त्यांच्या जागी संस्थेनं निंबा सरांना वर्षाच्या बोलीवर घेतलेलं. वर्ष संपताना कमिटी बसणार, ठेवायचं की सोनगीरला परत पाठवायचं ते ठरवणार. त्यात सरांचं बोदवडला लग्न ठरलं होतं. पोरगी पसंत, पोरगा पसंत, पत्रिकाही जुळलेली. पण पोरीच्या बापानं निरोप धाडला होता, "आधी कायम व्हा, मंग मांडव घालू." म्हणजे सरांचं पोट आणि सरांचा संसार, दोन्ही कमिटीच्या हातात. आणि कमिटी म्हणजे मोतीलाल आबा. बाकीचे सभासद मान हलवायला होते.

मोतीलाल आबा मोठे बागाईतदार. त्यांच्या मळ्यातली केळी ट्रकात भरून दिल्लीकडं जायची. शाळेला जागा त्यांनीच दिली, पत्रे त्यांनीच टाकले. मनानं आभाळाएवढा माणूस, पण मानपानाच्या बाबतीत पार नवरदेवाचा मामा. लग्नात टोपी-उपरणं देताना माइकवर आपलं नाव दुसऱ्या नंबरला आलं तर आबा पंगतीतून उठायचे. मग चार माणसांनी हात धरायचा, दोघांनी पाय धरायचे, एकानं चपला लपवायच्या, तेव्हा कुठं आबा परत पाटावर बसणार. गावाला त्याची सवय होती. आबा रुसले नाहीत तर लग्न झाल्यासारखं वाटायचं नाही.

आता इंग्रजीचं सांगतो. आमच्या वर्गाला सगळ्यात जड जायचे ते तीन शब्द, ए, ॲन आणि द. आपल्या बोलीत असली भानगडच नाही. गाय म्हणजे गाय. तिच्या आधी काय लावायचं? कोणी सगळ्यांना 'द' लावायचा, कोणी कशालाच काही नाही. एकानं तर पेपरात 'ए द ॲन काऊ' असं तिन्ही लिहून ठेवलं होतं, "लागीन ते घ्या सर" म्हणून.

सरांनी पुस्तकातला नियम सांगून पाहिला. नियम फळ्यावर राहिला, डोक्यात गेला नाही. मग एकदा ते गावातल्या लग्नाला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताक्षणीच ओरडले, "सापडनं! सापडनं रे भो!"

काय सापडलं, तर मांडव.

"हे बघा," सर म्हणाले, "मांडवात एक माणूस आला. कोण, कुठला, कोणाकडचा, काही माहीत नाही. त्याला म्हणायचं 'ए गेस्ट'. कोणीतरी एक पाहुणा. त्याला बसवलं, पाणी दिलं, कोणाकडचे म्हणून विचारलं. आता तोच माणूस उठून हात धुवायला निघाला. आता काय म्हणायचं? 'द गेस्ट'. म्हणजे तोच, मघाचा, आपल्या ओळखीचा झालेला. कळलं?"

"कळलं सर."

"आता नवरदेव. त्याला कोणी विचारतं का, तू कोणाकडचा?"

"नही सर!"

"का?"

"एकच राह्यतो ना सर. अन् घोड्यावर राह्यतो."

"बस! मांडवात एकच, सगळ्यांना ठाऊक. म्हणून पहिल्यापासूनच 'द'. द ब्राइडग्रूम. तसाच द सन, तसाच द मून. आणि नाव घेऊन हाक मारली तर? तर काहीच लावायचं नाही. नाव आलं की ओळख आली." 'ॲन'चं त्यांनी जाता जाता उरकलं. ज्या शब्दाच्या तोंडाशी स्वर त्याला 'ॲन', नाहीतर जीभ ठेचाळते. ॲन ओल्ड मॅन, ॲन अंब्रेला.

वर्ग इतका खूश झाला की घंटा झालेली कोणाला कळली नाही. सरही खूश. पण त्या दिवशी गावात काय पेरलं गेलं, त्याचा सरांना पत्ता नव्हता.

पोरं घरी गेली आणि आपापल्या परीनं सांगू लागली. सरांचा मांडव घराघरात गेला, पण जाताना बदलला. नवरदेवाला 'द', कोणत्याही भुरट्या पाहुण्याला 'ए'. म्हणजे काय? म्हणजे 'द' हा मान झाला. 'द' म्हणजे टोपी-उपरणं, 'ए' म्हणजे नुसता पाण्याचा गिलास. जसं आपल्याकडं भाऊ, आबा, नाना, अक्का लावतात, तसं इंग्रजांत मागून लावत नाहीत, पुढून लावतात. संपलं. आख्ख्या गावाला आर्टिकल कळलं.

मग जी मजा सुरू झाली ती विचारू नका. सासवा नातवाला विचारायच्या, "काय रे, मले काय लावतंस तू इंग्रजीत?" पोरगं शहाणं असलं तर म्हणायचं, "तुले 'द' व आजी." त्याला गुळाचा खडा. कोणी जावयाला 'ए' म्हटलं म्हणून जावई चहा न घेता स्टँडवर जाऊन बसला. अभिमन पाटलानं नवा ट्रॅक्टर घेतला होता. तो रावेरला नजीर पेंटरकडं गेला आणि मडगार्डवर लिहून आला, 'द अभिमन'. नजीर त्याला म्हणाला, "भाऊ, ये 'द' क्या तुम्हारे पिताजी का नाम है?" अभिमन म्हणाला, "तू लिख. तुमच्या रावेरात अजून आलं नही ते."

वर्गात तर कहर. चाचणीच्या पेपरात 'द माय मदर', 'द आबा', 'द काका'. सरांनी कपाळाला हात लावला.

"अरे, नाव घेतलं की काही लागत नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

पहिल्या बाकावरची कुंदा उभी राहिली. वर्गात हुशार, बोलायला फटकळ. "सर, थोरल्या मानसाले काहीच न लावता कसं बोलावं? घरचे मारतीन."

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि पेपर बाजूला सरकवला.

त्यातच सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदनाला जळगावहून शिक्षण खात्याचे एक साहेब येणार होते. मुख्याध्यापक लीलाधर सरांनी निंबा सरांना सांगितलं, "साहेबांसमोर पोरांकडून चार ओळी इंग्रजी बोलवून घ्या. गावावरच असू द्या. आबाचं नाव यायला पाहिजे बरं का." सरांनी लिहून दिलं, कुंदानं पाठ केलं.

शाळेच्या पटांगणात आख्खं गाव. पुढं खुर्च्यांवर साहेब, सरपंच, आणि मधल्या खुर्चीत गुलाबी फेटा बांधून मोतीलाल आबा. कुंदा माइकसमोर आली आणि एका दमात सुरू झाली.

"अवर व्हिलेज इज निअर द सातपुडा. मोतीलाल आबा इज ए फार्मर. ही ग्रोज बनानाज. शेवंताबाई इज द मिडवाइफ ऑफ द व्हिलेज…"

गावाला बाकीचं काही कळलं नाही. पण 'ए' आणि 'द' ऐकायला कान तयार होऊन बसले होते. मोतीलाल आबाला 'ए'. आणि शेवंताबाईला, जी गावातल्या बाळंतिणी सोडवते, जी तेव्हा भिंतीला टेकून तंबाखू मळत बसली होती, तिला 'द'!

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, "उत्तम, उत्तम" म्हणाले. एकटे साहेबच वाजवत होते. बाकी पटांगण आबाच्या तोंडाकडं पाहत होतं. आबाचं तोंड फेट्याच्या रंगाचं होऊन त्याच्याही पुढं गेलं. साहेबांची जीप रस्त्याला लागेपर्यंत आबा दम धरून बसले, मग उठले, फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि घरी निघाले. जिलेबीसुद्धा घेतली नाही.

शेवंताबाईनं मात्र त्या दिवसापासून चालच बदलली. आडावर कोणी मध्ये घुसलं तर म्हणायची, "सरक व बाई. मी 'द' हाये."

संध्याकाळी लीलाधर सर निंबा सरांच्या खोलीवर आले. त्यांच्या मागं संस्थेचे सेक्रेटरी रतिलाल भाऊ.

"निंबाजी, तुम्ही काय करून बसलात? पुढच्या रविवारी आबाच्या मळ्यात भरीत-पार्टी, आणि जेवणं झाल्यावर तिथंच कमिटीची मिटिंग. तुमचा विषय आहे तिच्यात."

"मी काय केलं? आबा शेतकरीच आहेत ना?"

"अहो, पण 'ए'?" रतिलाल भाऊ म्हणाले. "तठी त्या दाईले 'द' अन् आबाले 'ए'? उद्या जाऊन सांगा ना, पोरीनं चुकून म्हटलं, खरं म्हन्जे 'द फार्मर' हाये. तुमच्या घरचं काय जातं? एक अक्षर!"

गावात दाई एकच आहे, म्हणून 'द'. शेतकरी घराघरात आहे, म्हणून 'ए'. यात कोणाचा अपमान नाही, हे त्यांनी दोघांना समजावून पाहिलं. दोघांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, "एक अक्षर!"

तेव्हा सर अहिराणीवर आले. "भाऊ, पोरे तेच बोर्डना पेपरमा लिखतीन. पेपर तपासनारा आबाले वळखस का? तो सरळ मार्क कापी. माले सोनगीर जानं पडनं तरी चाली, पन जे चूक शे ते मी नही सांगाव."

रतिलाल भाऊ हात झटकून उठले. "मंग बोदवडच्या पाव्हन्याले कळवून टाका, दुसरा जावई पाह्यजा म्हना."

तो आठवडा सरांचा फार वाईट गेला. वर्गात शिकवायचे, पण खडू हातातच राहायचा. पारावर मात्र गावाची दिवाळी चालली होती. निम्मे म्हणायचे, सरानं लावून टाकावा 'द'. निम्म्यांचं वेगळंच सुरू झालं होतं. अभिमन पाटील म्हणाला, "आबा जर 'द शेतकरी', तर आमी काय ढोरं वळतो काय? आबाले 'द' लागला तर मी रुसतो." त्याला चौघांनी दुजोरा दिला. म्हणजे सरांनी अक्षर बदललं असतं तर एका आबाच्या जागी पन्नास आबा रुसून बसले असते.

शनिवारी सकाळी आबाच्या घरून तानुबाई आल्या. आबांची बायको. अंगानं भक्कम, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आबाला ओळखणारी गावातली सगळ्यात जुनी व्यक्ती. हातात दुधाचा तांब्या.

"मास्तर, दूध घ्या. वाळून गेले तुमी."

"अक्का, आबा काय म्हणतात?"

"काय म्हनतीन! मळ्यातल्या खोलीत जाऊन बाजेवर पडले. ताप आला म्हनतात. हात लावून पाह्यला, माह्या हाताहून गार. उद्याच्या भरताले उठनार नही म्हनून सांगून ठेवलं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मास्तर, तुमाले वांगे सोलता येतात?"

"नाही हो अक्का. मी बोर्डिंगात वाढलो. आयतं खाल्लं."

"ब्येस!" तानुबाईंचा चेहरा उजळला. "मंग उद्या तुमीच सोलजा. त्या खोलीच्या दारासमोर बसजा. मी बादलीभर पानी ठेवते. भाजलेलं वांगं त्या पान्यात टाकजा अन् चांगलं चोळून धूजा. काळं राह्यलं नही पाह्यजे."

"बरं," सर म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता, जो पूर्व खानदेशात जन्मला त्यानं हे वाचूनच कानाला हात लावले असतील. इतरांसाठी सांगतो. भरताचं वांगं कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. साल करपून काळी झाली पाहिजे. मग ते गरमागरम असतानाच, बोटं भाजत, फुंकर मारत सोलायचं. पाणी? पाण्याचा थेंब नाही लागू द्यायचा. पाण्यात गेलं की जाळाचा सगळा वास गेला, चव गेली, भरताचं पिठलं झालं. आमच्याकडं एखाद्यानं देवाला शिवी दिली तर लोक समजून घेतील, वांगं धुतलं तर घेणार नाहीत.

रविवारी मळ्यात गाव लोटलं. केळीच्या सावलीत गोणपाटं टाकलेली. एकीकडं जाळ, त्यात पोतंभर वांगी. एकीकडं बाया ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतायत, एकीकडं तेलात पुऱ्या. खानदेशातल्या भरताला निमंत्रण नसतं, जो येईल तो जेवेल, आणि जो जेवेल तो काहीतरी काम करेल. सरांनी इमानानं खोलीच्या दारासमोर बैठक मारली. तानुबाईंनी बादली आणून ठेवली आणि पदरानं तोंड झाकत बाजूला झाल्या.

खोलीचं दार वीतभर उघडं होतं. आत बाजेवर आबा, डोक्यापर्यंत घोंगडी. घोंगडीला एक फट.

सरांनी पहिलं वांगं उचललं. "हाय हाय" करत बादलीत टाकलं. चर्रर्र आवाज झाला. जाळाजवळची माणसं वळून पाहू लागली. सरांनी बाह्या सरसावल्या आणि वांगं असं चोळायला घेतलं, जसं काही रविवारचा पायजमाच आहे.

दुसरं वांगं बादलीत. चर्रर्र.

तिसरं सरांच्या हातातच होतं, तेवढ्यात दार भिंतीवर आपटलं. घोंगडीसकट आबा बाहेर.

"अरे ए सोनगीरच्या! वांगं हाये ते, लुगडं नोहे! धून राह्यला! माह्या मळ्यात, माह्या डोळ्यासमोर वांगं धून राह्यला!"

त्यांनी बादलीला अशी लाथ मारली की ती लोळत केळीच्या सरीत गेली. घोंगडी फेकली, धोतर खोचलं आणि सरांसमोर उकिडवे बसले.

"आन इकडं. देठ धर. देठ! हे असं. आता वरून खाली, एका दमात. जळून राह्यला हात? जळू दे. वांगंबी जळलं ना तुह्यासाठी?"

"आबा, ताप?" तानुबाईंनी लांबून विचारलं.

"मरू दे ताप!"

मग जो काही हशा उठला, केळीतले पोपट उडाले. आबांना कळलं, आपण उठलोय. आता परत जाऊन झोपणं बरं दिसलं नसतं. ते आधी कसनुसे झाले, मग त्यांच्याच मिशा हलू लागल्या. सर मात्र मान खाली घालून वांगं सोलत होते, देठ धरून, वरून खाली.

सोललेली वांगी ठेचायच्या लाकडी भांड्यात, बडजीत, गेली, वर भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण. आबांनी ठेचायला घेतलं. चार घाव घातल्यावर सरांकडं न पाहताच विचारलं, "काबरं नही बदललं मास्तर? सारं गाव सांगत होतं म्हने."

सरांच्या तोंडून अहिराणी निघाली. "आबा, हाऊ बठ्ठा गाव देखा. ह्यामा शेतकरी तुम्हीच एकला शेतस का?"

आबांनी मान वर केली. अभिमन पुऱ्या खात होता, रतिलाल भाऊ कांद्याची पात निवडत होते, आणखी किती तरी. सगळे त्यांच्याकडंच पाहत होते, कोणी हसत, कोणी डोळे वटारून.

"नही बा," आबा म्हणाले. "लय हायेत. अन् यकापेक्षा यक इरसाल."

"मंग?"

आबांनी आणखी दोन घाव घातले. "बरं, ते राह्यलं. या तानूले काय लावशीन तुमी?"

"आबा, तुम्हले बायका कितल्या शेतस?"

"यकच ना बापा! दुसरी कोन देईन?"

"मंग द वाइफ."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही आणि मग सगळ्या मळ्याला एकदम कळलं. बायांनी पिठाच्या हातांनी टाळ्या पिटल्या. शेवंताबाई तंबाखू थुंकून ओरडली, "तानू, तू बी आमच्यात व!" तानुबाईंनी पदर खांद्यावरून पुढं ओढला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐकलं का? ठेचा नीट. मोठे राह्यले मिरचीचे तुकडे."

"पाह्यलं मास्तर, काय करून ठेवलं तुमी?" आबा म्हणाले आणि मुकाट्यानं ठेचू लागले.

केळीच्या पानांवर भरीत पडलं. पंगत बसली. रतिलाल भाऊंनी हळूच विचारलं, "आबा, मिटिंग जेवन झाल्यावर घ्यायची ना? मास्तरांचा विषय…"

"भरीत खाऊन मिटिंग घेतं का कोनी? झोप लागते." आबांनी घास तोंडात घातला. "लिहून टाका, कायम करा याले. जो मले भ्याला नही तो पोराईले चुकीचं शिकवनार नही. अन् ठरावात हेबी लिहा, याच्या हाती शाळा द्या, वांगे देऊ नका."

"बोदवडले मी स्वतः जाते सांगायले," तानुबाई म्हणाल्या आणि सरांच्या पानावर आणखी भरीत वाढलं. "बोला मास्तर, केव्हाची तारीख धरायची?"

सरांनी नेमका तेव्हाच मोठा घास घेतला होता आणि त्या घासात आबांनी न ठेचलेली अख्खी मिरची होती. सरांचा चेहरा लाल झाला, नाकातून पाणी, डोळ्यांतून घळाघळा धारा. तोंड उघडायचे, मिटायचे, शब्द फुटेना. पंगतीतल्या बाया हळहळल्या. "बिचारा, आनंदानं रडून राह्यला." कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी डोळे टिपले. आजही गावात म्हातारी माणसं तसंच सांगतात.

मी सरांच्या शेजारी बसलो होतो. ते पाणी मागत होते.